आईचा हलका हात

मी शाळेत विज्ञान शिकवते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला भोळसट म्हणायला नको. आठवीच्या मुलांना मी दर वर्षी सांगते की एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कोंबडा आरवतो आणि मग सूर्य उगवतो, पण श्रेय कोंबड्याचं नाही. मुलं हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसायचे.

आम्ही बंगालमध्ये, गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. नवऱ्याची इथे बदली झाली आणि ‘दोन वर्षांत परत’ म्हणता म्हणता नऊ वर्षं झाली. क्वार्टर जुनं आहे. छत उंच, पंख्यांच्या दांड्या लांब, आणि भिंतींना बारा महिने ओल. नदी घरातून दिसत नाही, पण जहाजाचा भोंगा वाजला की खिडक्यांच्या काचा अंगात आल्यासारख्या थरथरतात. हॉलच्या पलीकडे एक छोटी खोली आहे. आल्या दिवशीच आम्ही ती ‘बाळाची’ म्हणून रिकामी ठेवली. किती सहज ठेवली, त्याचा मला पुढे फार राग यायचा.

त्या खोलीत राहायला तीनदा कोणीतरी निघालं आणि तिन्ही वेळा नवव्या आठवड्यात परत गेलं.

पहिल्या वेळी सोनोग्राफी करणारी मुलगी माझ्याशी गप्पा मारत होती. तुमचं गाव कुठलं, तुम्ही मासे खाता का, असं काहीबाही. बोलता बोलता ती थांबली. यंत्र चालू होतं, खोलीत गारवा होता, माझ्या पोटावर तिचा हात होता, आणि ती एक शब्द बोलेना. मग तिने पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. दुसऱ्या वेळी बाई वेगळी होती, तरी ती त्याच जागी थांबली. तिसऱ्या वेळी मी आधीच डोळे मिटून घेतले होते आणि नुसती ऐकत होते. कोणी बोलायचं थांबलं की मी आजही डोळे मिटून घेते. वर्गात मुलं एकदम गप्प झाली तरी घेते.

सगळ्या तपासण्या झाल्या. माझ्या, नवऱ्याच्या, रक्ताच्या, गर्भाशयाच्या, गुणसूत्रांच्या. सगळं नॉर्मल. माणसाला ‘सगळं नॉर्मल आहे’ या वाक्याचा इतका संताप येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. मला कारण हवं होतं. शिक्षा झालीच आहे तर निदान गुन्हा तरी सांगा, असं मी एकदा एका लॅबच्या काउंटरवर बोलून बसले. तिथला माणूस बिचारा पावतीवर शिक्का मारायचा थांबला.

आणि त्यात ते मांजर. पांढरं, पाठीवर एक तांबूस ठिगळ. ते नेमकं त्या बंद खोलीच्या खिडकीत येऊन बसायचं आणि आत बघत राहायचं. आत बघण्यासारखं काही नव्हतं. एक गुंडाळलेली गादी आणि भिंतीवरचा ओलीचा डाग, एवढंच. तिसरं बाळ गेलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याला झाडूने हाकललं होतं. शेजारच्या मासिमांनी, म्हणजे साठी उलटलेल्या बंगाली शेजारीणबाईंनी, ते त्यांच्या व्हरांड्यातून पाहिलं. नंतर कधीतरी त्या मला म्हणाल्या, “उसको मत भगाना. वो मा षष्ठी का बिल्ली है.” मुलं देणाऱ्या आणि राखणाऱ्या देवीचं वाहन ते. त्याला छळणाऱ्या बाईची मुलं ते एकेक करून उचलून नेतं, अशी कथा. त्यांनी ती सांगितली आणि माझा चेहरा पाहून विषय बदलला. मी घरी येऊन नवऱ्याला ही गंमत म्हणून सांगायला गेले आणि मधेच रडले.

चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा मी ठरवलं होतं की या वेळी हातावर हात ठेवून बसायचं नाही. इंटरनेटवर माझ्यासारख्या बायकांचा एक ग्रुप होता. तिथे सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती: रक्त पातळ करणारं इंजेक्शन. रोज एक, पोटात, नऊ महिने. म्हणे बारीक गुठळ्या होतात आणि बाळाकडे जाणारं रक्त अडतं, इंजेक्शनाने वाट मोकळी राहते. ज्यांना मूल झालं होतं त्या बायका बाळाचे फोटो टाकायच्या आणि खाली लिहायच्या, ‘याच्यामुळेच’. मी ते फोटो मोठे करकरून बघायचे.

माझ्या डॉक्टरबाई बालीगंजला बसायच्या. जुन्या घराचा तळमजला, दारात केळीचं झाड, वयस्क बाई, बोलणं मोजकं. त्यांनी माझी फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि म्हणाल्या, “तुमच्या रक्तात गोठण्याचा दोष सापडला असता तर हे इंजेक्शन मीच आग्रहाने दिलं असतं. तसा दोष तुम्हाला नाही. कारण सापडत नाही अशा बायकांना हे देऊन मूल टिकतं, याला पुरावा नाही.”

“मग मी काय करू?”

“दर आठवड्याला या. मी बघत जाईन. तुमच्यासारख्या बऱ्याच जणींचं पुढचं मूल काहीही न करता राहतं.”

काहीही न करता. मला त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला. मी म्हणाले, तुम्ही लिहून देणार नसाल तर दुसरं कोणीतरी देईल. त्यांनी फाइल मिटली. मग हट्टी मुलाला अर्धा मार्क वाढवून द्यावा तसं त्यांनी ते इंजेक्शन लिहिलं. रक्त गेलं, कुठे सूज आली तर लगेच या, असं तीनदा बजावलं. मी चिठ्ठी घेऊन बाहेर पडले तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं, हे मी लपवत नाही.

पहिले दोन आठवडे कॉलनीतली एक नर्स रोज संध्याकाळी सात वाजता येऊन इंजेक्शन द्यायची. बेंबीपासून चार बोटं सोडून, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. सुईचं काही नाही, पण औषध आत जाताना आग आग व्हायची. मग तिथे काळंनिळं उमटायचं. दोन आठवड्यांत पोटाचा नकाशा झाला. जुने डाग हिरवे, त्याहून जुने पिवळे, नवे जांभळे. आंघोळीच्या वेळी मी त्यांच्याकडे प्रेमाने बघायचे. दुखतंय म्हणजे काम चालू आहे, असा माझा हिशोब होता. विज्ञानाची बाई!

सातव्या आठवड्यात आई आली. बाबा गेल्यापासून ती वाईला एकटीच होती. बाबांना तिने अकरा वर्षं इन्सुलिन टोचलं होतं, त्यामुळे नर्सला उद्यापासून यायला नको असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. आईच्या हलक्या हाताची आमच्या नात्यात ख्याती होती. लहान मुलांचे कान टोचायला सोनार आला तरी पोर आईच्या मांडीवर दिलं जायचं. तिने धरलं की पोर रडायचं नाही.

फक्त इंजेक्शन कशाचं, हे तिला नीट माहीत नव्हतं. मी सांगितलं तशी ती खाली बसली.

“रक्त पातळ करणारं?”

“हो.”

“पोटुशी बाईला?”

मला माहीत होतं ती कुठे पोचली ते. तिची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. रक्त थांबलंच नाही. आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि घरातल्या सगळ्या जुन्या साड्या फाडून फाडून देत होती, एवढंच ती त्याबद्दल कधीतरी बोलली होती. मला तिची दया यायला हवी होती. मला आला राग. मी कागद घेऊन तिला रक्तवाहिन्या काढून दाखवल्या, गुठळी काढली, बाण काढले. म्हटलं, आई, हे इंजेक्शन चुकलं तर हेही मूल जाईल. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही.

तिने कागद निरखून पाहिला आणि म्हणाली, “बरं.”

आईच्या ‘बरं’ला आम्ही सगळे ओळखून होतो. बाबा म्हणायचे, तुझी आई नाही म्हणाली तर भांडता तरी येतं, बरं म्हणाली की संपलं. पण मला त्या दिवशी ते आठवलं नाही.

पहिल्या संध्याकाळी तिने इंजेक्शन दिलं. मी नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. आग झाली आणि सकाळी निळं उमटलं. आईने ते पाहिलं आणि त्यावरून बोट फिरवलं. दुसऱ्या संध्याकाळी मी डोळे मिटले, सुई टोचली, आणि मी आगीची वाट बघत राहिले. आग झालीच नाही.

“झालं?”

“झालं,” आई म्हणाली. कापूस तिने मुठीत धरला होता. तो ती स्वतः बाहेर नेऊन टाकायची.

“दुखलं नाही मुळीच.”

“हळूहळू दिलं.”

त्यानंतर कधीच दुखलं नाही. जांभळे डाग हिरवे झाले, हिरवे पिवळे झाले, आणि एक दिवस आंघोळीला उभी राहिले तर पोट स्वच्छ. फळा पुसून ठेवल्यासारखं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी नळ चालू ठेवून भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटलं, हे पोट माझं नाही. ज्याला दुखतं ते माझं. याला कोणीतरी ताब्यात घेतलंय आणि मला त्यातून बाहेर काढलंय.

घरात तेव्हा सगळंच विचित्र शांत झालं होतं. सात वाजायला आले की मांजर त्या खिडकीत येऊन बसायचं. आता ते रिकाम्या खोलीत बघायचं नाही, आईने उघडून ठेवलेल्या दारातून हॉलमध्ये टाकलेल्या माझ्या पलंगाकडे बघायचं. आईने त्याला पहिल्या दिवसापासून दूध घालायला सुरुवात केली होती. मासिमांशी तिची गट्टी जमली होती. तिला बंगाली येत नव्हतं आणि मासिमांना मराठी येत नव्हतं, तरी दोघी व्हरांड्याच्या कठड्यावरून तासन् तास बोलायच्या. एकदा आई आत येऊन म्हणाली, “त्यांची षष्ठी म्हणजे आपली सटवाईच की गं.” मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, “म्हणजे इथेही तिला कळतं.” काय कळतं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का, कोण जाणे.

नवव्या आठवड्यात बालीगंजला गेलो. मी टेबलावर झोपले, आई पायाशी उभी राहिली. डॉक्टरबाईंनी स्वतः यंत्र घेतलं आणि त्या बोलत होत्या, आज उकाडा किती आहे वगैरे, आणि मग थांबल्या. मी आईचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. माझी भीती मला ठाऊक होती, पण आईच्या हाताला इतकी भीती का वाटावी, असं मला त्या क्षणातही वाटून गेलं. मग डॉक्टरबाईंनी एक बटण दाबलं आणि खोलीभर टपटप टपटप असा घाईघाईचा आवाज सुरू झाला. आई मटकन खाली बसली. तिला पाणी द्यावं लागलं.

उठताना डॉक्टरबाईंची नजर माझ्या पोटावर गेली आणि तिथेच राहिली.

“इंजेक्शनं चालू आहेत ना?”

“रोज. एकही चुकलं नाही. आईचा हात हलका आहे.”

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने पाण्याचा पेला उगाच पुन्हा तोंडाला लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “छान. आईंना इथेच राहू द्या.” त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

ते दिवस मी असे काढले: सकाळ ढकलायची, सातची वाट बघायची, सात वाजता डोळे मिटायचे. टोचून झालं की आई तिथून उठायची नाही. पलंगाच्या कडेला बसून माझ्या पायावरून हात फिरवत राहायची, कधी अर्धा तास, कधी तास. मला वाटायचं ती जप करतेय. कधी डोळे उघडून पाहिलं तर ती माझ्याकडे नाही, माझ्या साडीच्या खालच्या काठाकडे बघत असायची. तिथे डाग दिसतोय का ते ती बघत होती. मला ते नंतर कळलं. तेव्हा मी पुन्हा डोळे मिटून घ्यायचे.

नववा महिना लागला तशी डॉक्टरबाईंनी इंजेक्शनं बंद केली. आई त्या रात्री प्रथमच पोटभर जेवली. मुलगी झाली. सुखरूप, जेमतेम वजनाची, आणि आवाज मात्र जहाजाच्या भोंग्याच्या वरचा.

चौथ्या दिवशी घरी आलो आणि पाचव्या दिवशी आईने पाचवी मांडली. आमच्यात पाचवीला पाटावर सटवाईची पूजा करतात आणि तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री ती येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. सकाळी कागद घडी घालून ठेवून द्यायचा. तो कोणी उघडायचा नाही. ती लिपी आपल्याला वाचता येत नाहीच. आईने माझ्या शाळेच्या वहीतलं रेघांचं पान घेतलं.

“पेन दे. चालणारं दे.”

“सटवाईला बॉलपेन चालतं का गं?” मी बाळाला घेऊन पडल्या पडल्या चिडवलं.

“लिहिणारीला सगळं चालतं,” ती म्हणाली. ती हसली नाही.

दिवेलागणीला तिने पाट बाळाच्या खोलीत नेला, समई लावली, माझ्या डोळ्यांदेखत कोरं पान आणि टोपण लावलेलं पेन ठेवलं. मग दार ओढून घेतलं आणि बराच वेळ आतच राहिली. सकाळी मी दारातून डोकावले तेव्हा समई शांत झाली होती, पान घडी घातलेलं होतं, आणि पेनाचं टोपण उघडं होतं. टोपण पाटाच्या दुसऱ्या टोकाला नीट उभं करून ठेवलेलं. खिडकीत मांजर बसलं होतं. मी आत न जाता तिथूनच हाक मारली.

“आई, हे टोपण कोणी काढलं?”

“वाऱ्याने निघालं असेल,” आई म्हणाली आणि पान उचलून पदराखाली घेऊन गेली.

वाऱ्याने पेनाचं टोपण निघत नाही, हे सांगायला विज्ञानाची पदवी लागत नाही. पण मी ओली बाळंतीण, चार दिवस झोप नाही. मी ते सोडून दिलं. पुढे मात्र ते टोपण मला कितीदा तरी आठवलं, आणि दर वेळी मी घरातले दिवे लावून घेतले.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर आई वाईला परतली. त्याच्या पुढच्या वर्षी तिचा उजवा हात कापायला लागला. आधी नुसता अंगठा, मग पंजा. गव्हातला खडा दुरून ओळखणारी, सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी माझी आई. तिच्या हातातून चहाची बशी सांडायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. मेंदूतलं एक रसायन कमी होतं, उतारवयात कित्येकांना होतं, हे मला माहीत होतं. मी फोनवर रडले. ती म्हणाली, “रडतेस काय? स्वस्तात सुटले गं मी.” मला वाटलं, तिला वाटत असेल की कर्करोग वगैरे निघाला नाही.

आणि मी इकडे इंजेक्शनाची जाहिरात करत फिरत होते. त्याच ग्रुपवर मुलीचा फोटो टाकून खाली ‘याच्यामुळेच’ लिहून झालं होतं. इथल्या मराठी मंडळात कोणी तिसऱ्या महिन्याआधी अशी कोमेजलेली दिसली की मी जाऊन बसायचे तिच्या शेजारी. नवरा म्हणायचा, अगं, डॉक्टरबाई तर वेगळंच म्हणाल्या होत्या. मी म्हणायचे, डॉक्टरबाईंना मूल झालं की मला?

मुलगी पाच वर्षांची झाली त्या सुमारास मंडळातलीच एक मुलगी घरी आली. बँकेत होती, बदलून आलेली, डमडमला राहणारी. दोनदा गेलेलं, रिपोर्टमध्ये काही नाही. इतक्या लांबून ती माझी चिठ्ठी बघायला आली होती. मी तिला हॉलमध्ये बसवलं, सरबत दिलं, आणि बाळाच्या खोलीतल्या कपाटातून जुनी फाइल काढली. चिठ्ठी सापडली. फाइलच्या मागच्या कप्प्यात घडी घातलेलं रेघांचं पान होतं.

मी ते लगेच ओळखलं. उघडायचं नसतं, हेही आठवलं. मी उघडलं.

वर ‘श्री’ काढलेलं होतं. खाली आईचं गोल, सुबक, एकाही जागी न हललेलं अक्षर.

‘सटवाई आई, मुलीला मी इंजेक्शनं दिली नाहीत. पहिलं दिलं, मग एकही नाही. औषध कापसात सोडलं आणि नुसती सुई टोचली. तिला हे ठाऊक नाही. मला रक्ताची भीती वाटली. चुकलं असेल तर ज्या हाताने केलं त्या हाताला दे. पोरीच्या आणि नातीच्या कपाळी माझं काही लिहू नकोस.’

त्याच वेळी नदीवर भोंगा वाजला आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. मी त्या काचांकडे बघत उभी राहिले. भोंगा थांबल्यावर मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आधी मला राग आला. जवळजवळ सात महिने, रोज सात वाजता, माझ्या मिटलेल्या डोळ्यांसमोर! माझ्या रक्तात खरंच दोष असता तर आईने आपल्या हाताने माझं मूल मारलं असतं, आणि मी शेवटपर्यंत म्हणत राहिले असते की आईचा हात हलका. मग दुसरी गोष्ट सुचली, ती जास्त वाईट होती. माझी मुलगी पलीकडे रंगपेटी घेऊन बसली होती आणि तिला कशाने राखलं हे मला माहीत नव्हतं. इंजेक्शनाने नाही. मग कशाने? डॉक्टरबाईंचं उत्तर मला तोंडपाठ होतं, ‘काहीही न करता’. ते खरं होतं, आणि मला त्या उत्तराची मांजराच्या नजरेपेक्षा जास्त भीती वाटली.

हॉलमधली मुलगी माझी वाट बघत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या डॉक्टरला सरळ विचार, माझ्या रक्तात दोष सापडलाय का. सापडला असेल तर एकही इंजेक्शन चुकवू नकोस, आणि डोळे उघडे ठेवून घे. सापडला नसेल तर… तिथे मी अडकले. मग म्हटलं, तर रोज सात वाजता मला फोन कर, मी बोलत बसेन तुझ्याशी. तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, “तुमचं झालं, म्हणून तुम्हाला असं बोलता येतं.” मी पाच वर्षांपूर्वी हेच म्हणाले असते. तिने चिठ्ठीचा फोटो मागितला. मी दिला नाही, डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. ती सरबत अर्धं टाकून गेली. दोन दिवसांनी सातला तिचा फोन आला.

त्या दिवशी ती गेल्यावर मी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, हातात धरला तर चित्र हलतं. मी पान कॅमेऱ्यासमोर धरलं. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढून ठेवला.

“उघडायचं नसतं ते,” ती म्हणाली.

“माझ्या रक्तात खरंच काही असतं तर?” मी ओरडले. “तर काय केलं असतंस तू?”

“म्हणून तर लिहून दिलं.”

“आई, हाताचा आजार मेंदूतून येतो. कोणी लिहिलं म्हणून येत नाही. ऐकतेस का तू? याचा आणि त्याचा काही संबंध नाही.”

“बरं,” आई म्हणाली.

तेवढ्यात मुलगी आजीचा आवाज ऐकून धावत आली आणि माझ्या मांडीवर चढली. आईने हात वर केला. तो तिच्या चेहऱ्यासमोर थरथरत राहिला, तिला तो थांबवता येत नाही. माझ्या मुलीने आपला उजवा हात वर केला आणि बोटं तशीच थरथरवली. ती नेहमीच तसं करते. तिला कळायला लागल्यापासून तिने आजीचा हात तसाच पाहिला आहे, आणि आजीला टाटा असाच करायचा असतो असं तिला वाटतं.